किशोरवयाचे जागतिक सिनेमे शाळेत दाखवायचे तर कोणते, आणि कसे?

तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेतल्या शिक्षिकेने विचारलं आहे. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना महिन्यातून एक, असे वयात येण्यावरचे परदेशी सिनेमे दाखवायचे आहेत. कोणते निवडावेत? कुठल्या क्रमाने? मुलं सबटायटल वाचत बसतील का? सिनेमा संपल्यावर त्यांच्याशी बोलायचं काय? आणि मुख्याध्यापकांची अट अशी, की प्रत्येक सिनेमातून काहीतरी बोध मिळायला हवा.

बाई, शेवटच्या अटीपासून सुरुवात करतो, कारण निवड जमते किंवा फसते ती तिथेच. ज्या सिनेमात बोध उघड दिसतो, त्यात शेवटी कोणीतरी मोठा माणूस बोलतो आणि मूल ऐकतं. किशोरवयावरचे जे सिनेमे इतक्या वर्षांनीही टिकून आहेत, त्यांत बहुतेक वेळा उलटं घडतं. मूल बोलत असतं, निदान बोलायला धडपडत असतं, आणि ते ऐकायला कोणी आहे का हाच सगळा प्रश्न असतो. शाळांसाठी आणि फिल्म सोसायटीच्या युवा गटांसाठी सिनेमे निवडताना मी अनेक वर्षं हीच एक कसोटी लावत आलो आहे. या सिनेमात मुलाचं कोण ऐकतं? कोणीच ऐकत नसेल, तर निदान कॅमेरा तरी ऐकतो का? पहिलं प्रेम, बंड, परीक्षा, घरातली भांडणं हे विषय सिनेमागणिक बदलतात. ही कसोटी फ्रान्सपासून कोरियापर्यंत लागू पडते आणि चौदा वर्षांच्या मुलांना ती समजावून सांगावी लागत नाही.

म्हणजे काय, ते फ्रांस्वा त्रुफोच्या 'द फोर हंड्रेड ब्लोज'वरून सांगतो. १९५९ सालचा हा फ्रेंच सिनेमा या सगळ्या परंपरेच्या मुळाशी आहे. अंत्वान द्वानेल हा पॅरिसमधला शाळकरी मुलगा. घर लहान, आईला त्याचा कंटाळा, वडील सावत्र पण वरवर हसतमुख, वर्गात मास्तरांचा दात त्याच्यावरच. एक दिवस शाळा चुकवून मित्राबरोबर भटकताना त्याला भर रस्त्यात आई दिसते, परक्या पुरुषाच्या मिठीत. तिचीही नजर त्याच्यावर पडते. घरी दोघंही गप्प. दुसऱ्या दिवशी मास्तर गैरहजेरीचं कारण विचारतात, आणि त्याच्या तोंडून निघतं, आई वारली. थोड्याच वेळात आईवडील शाळेत हजर होतात आणि सगळ्या वर्गासमोर त्याच्या थोबाडीत बसते.

बोध काढायचाच तर इथे 'खोटं बोलू नये' असा निघेल. मुलं मात्र वेगळाच प्रश्न विचारतात. शंभर थापा मारता आल्या असत्या, मग नेमकी हीच का? एकदा हा प्रश्न वर्गात पडला की तुमचं निम्मं काम झालं. आईचं जे रूप त्याने पाहिलं ते सांगण्याजोगं नाही, सांगायला माणूसही नाही, आणि तेच दुसऱ्या वाटेने बाहेर आलं आहे. हे तुम्ही सांगू नका. नववीतलं कोणीतरी सांगतं.

याच सिनेमात पुढे अंत्वान सावत्र वडिलांच्या ऑफिसातून टाइपरायटर चोरतो. विकला जात नाही म्हणून परत ठेवायला जातो आणि तेव्हा पकडला जातो. आईवडील त्याला सुधारगृहात पाठवायला राजी होतात. तिथे एक मानसशास्त्रज्ञ त्याला प्रश्न विचारते. ती बाई पडद्यावर दिसतच नाही, नुसता आवाज येतो. कॅमेरा अंत्वानसमोर बसून राहतो. अंत्वान साकारणाऱ्या ज्याँ-पिएर लेओ या मुलाला त्रुफोने उत्तरं लिहून दिली नव्हती, त्यामुळे तो अडखळतो, हातांशी चाळा करतो, मध्येच हसतो आणि एकामागून एक घरातल्या गोष्टी सांगत सुटतो. आजी, चोरी, आपण आईला नकोच होतो हे कळणं. सगळ्या सिनेमात त्याचं बोलणं मध्येच न तोडता ऐकून घेतलं जातं ते फक्त इथे, आणि तेही तो कोंडला गेल्यानंतर. निवड करताना मी शोधत असतो ते असं काहीतरी.

त्रुफोला हे कुठून सुचलं, तेही मुलांना जरूर सांगा. तो स्वतः घरातून पळालेला, शाळा सुटलेला, किशोरवयात सुधारगृहात जाऊन आलेला मुलगा होता. आंद्रे बाझाँ या चित्रपट समीक्षकाने त्याला हात दिला, लिहितं केलं. सिनेमाचं चित्रीकरण सुरू होता होताच बाझाँ गेला, आणि सिनेमा त्यालाच अर्पण केलेला आहे. १९५८ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाने त्रुफोच्या जहाल लिखाणामुळे त्याला समीक्षक म्हणून प्रवेशच नाकारला होता. पुढच्याच वर्षी याच सिनेमासाठी तो तिथे सर्वोत्तम दिग्दर्शक ठरला. मुलांना ही गोष्ट फार आवडते.

तरीही पहिला सिनेमा म्हणून हा लावू नका. कृष्णधवल चित्र, फ्रेंच भाषा, आणि आईबद्दलचा तो प्रसंग यांना थोडी तयारी लागते. नववी-दहावीला तिसरा किंवा चौथा म्हणून लावा.

पहिला लावा 'व्हेल रायडर'. न्यूझीलंडच्या निकी कॅरो या दिग्दर्शिकेचा, २००२ सालचा. तिथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या किनाऱ्यावरच्या वस्तीत पाय नावाची मुलगी राहते. जन्मताना तिची आई आणि जुळा भाऊ दोघं दगावले. आजोबा वस्तीचे प्रमुख. त्यांना वारस म्हणून मुलगाच हवा, आणि वस्तीतल्या थोरल्या मुलांना ते जुन्या विद्या शिकवतात तेव्हा नातीला हाकलून लावतात. ती लपून शिकते. हे कथानक आपल्याकडच्या कुठल्याही मुलीला पाच मिनिटांत कळतं, पाठीमागची सगळी माओरी परंपरा अनोळखी असली तरी. विटी इहिमाएरा या माओरी लेखकाच्या कादंबरीवर तो बेतलेला आहे आणि कादंबरी जिथे घडते त्या व्हांगारातच चित्रित झालेला आहे. पायची भूमिका करणारी केशा कॅसल-ह्यूज ही मुलगी ऑस्करच्या सर्वोत्तम अभिनेत्रीच्या नामांकनापर्यंत पोहोचली, तेव्हा ती अवघी तेरा वर्षांची होती.

यातला एक प्रसंग तुमच्या सगळ्या वर्षाचा पाया ठरू शकतो. शाळेच्या कार्यक्रमात पाय पारंपरिक वेषात उभी राहून आजोबांवरचं भाषण करते. पहिल्या रांगेत त्यांच्यासाठी राखलेली खुर्ची रिकामी आहे. ती बोलत राहते, रडू आवरत नाही, तरी बोलत राहते. सिनेमा संपल्यावर मी मुलांना एवढंच विचारतो, की ती कोणाशी बोलत होती. उत्तरं फार वेगवेगळी येतात. आजोबांशी, मेलेल्या आईशी, आमच्याशी, स्वतःशी. पहिल्याच सत्रात मुलांना कळतं की इथे बरोबर उत्तर नावाची गोष्ट नाही, आणि पुढच्या महिन्यापासून ती बोलू लागतात.

दुसरा, आठवीलाही चालेल असा, 'वाजदा'. सौदी अरेबियाच्या हैफा अल-मन्सूर यांचा, २०१२ सालचा. संपूर्णपणे सौदीत चित्रित झालेला तो पहिला पूर्ण लांबीचा कथापट, आणि दिग्दर्शक बाई. रियाधच्या पुराणमतवादी भागांत रस्त्यावर पुरुषांमध्ये उघड उभं राहून दिग्दर्शन करता येईना, म्हणून त्या गाडीत बसून वॉकीटॉकीवरून सूचना द्यायच्या. त्या वेळी देशात सार्वजनिक चित्रपटगृहं नव्हती. ती २०१८ मध्ये उघडली. गोष्ट एवढीच, की वाजदाला सायकल हवी आहे आणि मुलींनी सायकल चालवायची नसते. पैशासाठी ती कुराणपठणाच्या स्पर्धेत उतरते, मेहनत करून जिंकते, आणि बक्षिसाचं काय करणार या प्रश्नाला खरं उत्तर देते. मुख्याध्यापिका ते पैसे परस्पर दान करून टाकतात. त्या क्षणी वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या. घरातल्या भिंतीवर वंशावळीचं झाड लावलेलं आहे, त्यावर सगळी पुरुषांची नावं; वाजदा चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहून तिथे टाचते आणि नंतर कोणीतरी ती चिठ्ठी काढून टाकतं. हा प्रसंग जवळजवळ शब्दांशिवायच कळतो. सबटायटलची काळजी असणाऱ्या तुमच्यासारख्या शिक्षकांना हा सिनेमा त्यामुळेही सोयीचा आहे.

आता 'केस'. मला एकच सिनेमा शाळेत दाखवायची मुभा असती, तर मी हाच दाखवला असता. केन लोच या इंग्रज दिग्दर्शकाने १९६९ साली केला, बॅरी हाइन्सच्या कादंबरीवरून. यॉर्कशरमधल्या बार्न्झ्ली या कोळसाखाणीच्या भागात बिली कॅस्पर राहतो. शाळा संपत आली, पुढे खाणीतच उतरावं लागणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. जड नावाचा थोरला सावत्र भाऊ खाणीत कामाला, दारू आणि दांडगाई, आई आपल्याच नादात. बिली एका ससाण्याच्या जातीच्या छोट्या शिकारी पक्ष्याचं पिल्लू घरट्यातून काढून आणतो, पक्षी माणसाळवण्यावरचं पुस्तक चक्क दुकानातून चोरतो, आणि त्यातलं वाचून वाचून त्याला शिकवतो. पक्ष्याचं नाव केस.

या सिनेमात शाळा आहे आणि ती तुमच्या मुलांना खदखदून हसवेल. व्यायामाचे मास्तर फुटबॉलच्या सामन्यात स्वतःच मँचेस्टर युनायटेडचे बॉबी चार्ल्टन होतात, मुलांना ढकलून गोल करतात, स्वतःच पंच असल्यामुळे पेनल्टीही स्वतःलाच देतात. पडद्यावर टीव्हीच्या सामन्यासारखा गोलफलक झळकतो. ब्रायन ग्लोव्हर, ज्याने हे मास्तर केले, तो खरोखर शिक्षक होता आणि कुस्त्याही खेळायचा. मुलं हसत असतानाच त्याच प्रसंगाच्या टोकाला हे मास्तर बिलीला गार पाण्याच्या शॉवरखाली कोंडून ठेवतात. हसू तोंडातच राहतं. आणखी एक प्रसंग, मुख्याध्यापकांच्या खोलीतला. मुलं छड्या खायला रांगेत उभी आहेत. एक चिमुरडा फक्त कुठल्यातरी शिक्षकांचा निरोप घेऊन आलेला आहे, पण त्याला बोलूच दिलं जात नाही आणि त्यालाही छड्या बसतात. मी सांगतो ती कसोटी याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आणि मग फार्दिंग सरांचा तास. ते वर्गात खऱ्या घडलेल्या गोष्टी सांगायला लावतात. बिलीची पाळी येते. आधी तो नाहीच म्हणतो. मग पोरं म्हणतात, त्याच्याकडे पक्षी आहे. सर म्हणतात, सांग. तो जागेवरूनच सुरू करतो, सर त्याला पुढे बोलावतात. पायाला बांधायच्या वाद्या, दोरीला बांधून उडवणं, हाताच्या मोज्यावर मांस धरून बोलावणं, पहिल्यांदा मोकळं सोडलं तेव्हा पोटात उठलेला गोळा, सगळं तो क्रमाने सांगत जातो. वर्गात चिडीचूप. ज्याला एक ओळ धड लिहिता येत नाही असं सगळ्यांचं मत, तो मुलगा अचूक शब्द वापरत फळ्यावर लिहून दाखवतो. सर मध्ये एक-दोन प्रश्न विचारतात, तेही त्यांना खरंच माहीत नसलेल्या गोष्टीचे. बिलीची भूमिका करणारा डेव्हिड ब्रॅडली हा तिथल्याच शाळेतला मुलगा होता आणि पक्ष्यांना शिकवायला तो चित्रीकरणासाठी खरोखर शिकला होता. ख्रिस मेंगेस या छायालेखकाने हे सगळं लांबून, अंगावर न जाता टिपलं आहे. मुलांना कॅमेऱ्याचा धाक वाटू नये आणि ती आपापसात वागतात तशी वागावीत, हा लोचचा आग्रह.

शेवट क्रूर आहे. भावाने घोड्यावर लावायला दिलेले पैसे बिली खाण्यावर उडवतो, घोडे नेमके जिंकतात, आणि भाऊ सूड म्हणून पक्ष्याला मारून टाकतो. आठवीच्या मुलांना हा शेवट आधी थोडक्यात सांगून ठेवा. काही पालक म्हणतील, एवढं दुःख मुलांना कशाला? माझं मत ठाम आहे. मुलं दुःखाने घाबरत नाहीत, खोट्या शेवटाने दुखावतात. पक्षी जिवंत राहिला असता तर बिलीचं सगळं जग लोचने खोटं पाडलं असतं, आणि मुलांनी ते लगेच ओळखलं असतं.

या सिनेमातली बोली इतकी जाड आहे की इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही अडचण येते. तेव्हा इंग्रजी चांगलं असलेल्या मुलांनाही सबटायटल लागणारच आहे हे आधीच सांगा. मराठी माध्यमाच्या मुलांचा संकोच त्याने एका दमात जातो, कारण त्या दिवशी सगळे सारखेच.

सबटायटलबद्दल तुमची भीती मी समजू शकतो, पण ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा आता कमी करायला हरकत नाही. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुली मोबाइलवर कोरियन मालिका सबटायटल वाचून पाहतात. अडचण वाचनाची नसून वेगाची असते. त्यावर साधा उपाय: सिनेमा सुरू होण्याआधी पात्रांची नावं आणि नाती फळ्यावर लिहून ठेवा, पहिल्या पंधरा-वीस मिनिटांची गोष्ट मराठीत सांगून टाका, आणि सुरुवातीला महत्त्वाचे संवाद मोठ्याने मराठीत बोला. मग बोलणं बंद करा. तोवर मुलं आवाज आणि चेहरे यांच्यावर पोहायला लागलेली असतात. खर्च करायचाच असेल तर प्रोजेक्टरआधी चांगल्या स्पीकरवर करा. अंधुक चित्र मुलं चालवून घेतात. आवाज फाटका आला की दहा मिनिटांत चुळबूळ सुरू होते.

कोरियन मालिकांचा विषय निघालाच आहे, तर दहावीसाठी माझा सगळ्यात आवडता अलीकडचा सिनेमा सांगतो. किम बोरा या दिग्दर्शिकेचा 'हाउस ऑफ हमिंगबर्ड', २०१८ सालचा. बर्लिन महोत्सवात चौदा वर्षांवरच्या प्रेक्षकांसाठीच्या विभागात २०१९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय ज्यूरीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. काळ १९९४, शहर सोल. उन्ही ही चौदा वर्षांची मुलगी, आईवडिलांचं तांदळाच्या गोड वड्यांचं दुकान, ताई अभ्यासात मागे पडलेली, भावाने मोठ्या विद्यापीठात जावं म्हणून घराने कंबर कसलेली. तो भाऊ उन्हीला मारतो. जेवताना ती सांगते, भाऊ मारतो. आई म्हणते, भांडू नका. बास, एवढंच. आपल्याकडच्या जेवणाच्या ताटांभोवती हे वाक्य किती वेळा म्हटलं गेलं असेल!

शाळेत मास्तर वर्गाकडून घोषणा म्हणवून घेतात, की आम्ही कराओकेला जाणार नाही, सोल विद्यापीठात जाणार. तुमची दहावी इथे हसेल आणि मग एकमेकांकडे बघेल. उन्ही शिकवणीला जाते ती चिनी लिपीच्या, आणि तिथे योंग-जी नावाची नवी शिक्षिका येते. ती चहा करून देते, खिडकीशी सिगारेट ओढते, आणि फळ्यावर एक जुनं वचन लिहून विचारते: तुम्ही ओळखता अशी माणसं किती, आणि त्यांच्यातल्या किती जणांचं मन तुम्हाला ठाऊक आहे? तिच्या बोलण्यापेक्षा तिच्या थांबण्याकडे मुलांचं लक्ष वेधा. उन्ही बोलते तेव्हा ती उत्तराची घाई करत नाही. मार खाण्याबद्दल मात्र ती स्पष्ट बोलते, की गप्प राहून मार खाऊ नकोस.

त्या वर्षी २१ ऑक्टोबरला सोलमधला सोंगसू पूल कोसळला आणि ३२ माणसं गेली. सिनेमा त्या दिवसापर्यंत येतो. पुढे काय होतं ते इथे सांगत नाही; पण ज्या भावाने मारलं आणि ज्या बापाने कधी मान वर करून पाहिलं नाही, ते दोघंही वेगवेगळ्या प्रसंगी अचानक रडतात, आणि उन्ही त्यांच्याकडे चकित होऊन पाहत राहते. त्या रडण्याने मार पुसला जात नाही, सिनेमा तसा दावाही करत नाही. आपल्यावर दांडगाई करणारी माणसंही आतून भेदरलेली आहेत हे तिला दिसतं, एवढंच. किशोरवयात माणूस मोठा होतो तो बराचसा असा, थोरांना पहिल्यांदा नीट पाहून. सिनेमा लांब आहे, सव्वादोन तासांच्या वर. दोन भागांत दाखवलात तरी चालेल.

अमेरिकन सिनेमांवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण तिथली शाळा मुलांनी पडद्यावर पुष्कळ पाहिलेली असते. रिचर्ड लिंकलेटरचा 'बॉयहूड' २०१४ सालचा. एकाच मुलाला घेऊन बारा वर्षं थोडाथोडा चित्रित केलेला, त्यामुळे सहा वर्षांचं पोर पावणेतीन तासांत आपल्या डोळ्यांदेखत कॉलेजात पोहोचतं. तो घरी पाहायला सांगा. बो बर्नहॅमचा 'एट्थ ग्रेड' मोबाइलवरच्या आयुष्याबद्दल मी पाहिलेल्या सगळ्यांत प्रामाणिक आहे, पण अमेरिकेतच त्याला प्रौढांबरोबर पाहण्याचं प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे आठवीच्या मुलांवरचा सिनेमा आठवीच्या मुलांना एकट्याने पाहता येईना. शाळेत लावू नका. तुम्ही शिक्षकांनी मात्र पाहाच, विशेषतः शेकोटीपाशी बसलेल्या बापलेकीचा प्रसंग.

जपानचा 'नोबडी नोज' दहावीच्या वरच्या मुलांसाठी राखून ठेवा. हिरोकाझू कोरे-एदाचा, २००४ सालचा. टोकियोच्या फ्लॅटमध्ये आई चार मुलांना सोडून निघून जाते आणि बारा वर्षांचा अकिरा घर चालवतो. तो प्रत्यक्ष घडलेल्या प्रकरणावर आधारलेला आहे. कोरे-एदाने मुलांच्या हाती संहिता दिली नाही, संवाद त्यांना ऐन वेळी सांगितले, आणि गोष्टीच्या क्रमानेच जवळजवळ वर्षभर चित्रीकरण केलं. त्यामुळे मुलांचे केस वाढतात, कपडे तोकडे होतात, अकिराचा आवाज फुटतो, ते सगळं खरं आहे. अकिराची भूमिका करणाऱ्या यूया यागिराला कानमध्ये सर्वोत्तम अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. इथे ऐकणारं कोणीच नाही, आणि सिनेमा तक्रारीचा सूरही लावत नाही. लहान मुलांना तो सोसणार नाही.

आपले मराठी सिनेमे या रांगेत कुठे बसतात, हे मुलं विचारणारच. त्यांना अभिमानाने सांगा. अविनाश अरुणच्या 'किल्ला'ला २०१४ मध्ये बर्लिनला मुलांच्या ज्यूरीने क्रिस्टल बेअर हे पारितोषिक दिलं. पुण्याहून कोकणात आलेल्या चिन्मयची गोष्ट बर्लिनच्या मुलांनी आपली मानली. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'चा शेवट आणि 'द फोर हंड्रेड ब्लोज'चा शेवट एकामागून एक दाखवून पाहा. अंत्वान सुधारगृहातून पळतो, पळतच राहतो, समुद्राला पाय लावून मागे वळतो आणि त्याचा चेहरा पडद्यावर थिजतो, आपल्याकडे बघत. 'फँड्री'तला जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्यावर येतो. दोन्ही मुलं शेवटी प्रेक्षकाकडेच वळली आहेत. एकाच्या नजरेत प्रश्न आहे, दुसऱ्याचा प्रश्न विचारून संपलेला आहे. जब्याला ज्या जातीमुळे हे भोगावं लागतं ती जात वर्गात नाव घेऊन बोलायची तुमची तयारी असेल तरच हा प्रयोग करा. नुसती तंत्राची तुलना केलीत तर वर्गातल्या काही मुलांना ते लागेल.

चर्चेबद्दल. 'तुम्ही यातून काय शिकलात?' हा प्रश्न टाळा. तो विचारलात की मुलं निबंध बोलायला लागतात. त्याऐवजी एक प्रसंग नेमका धरा. त्या खोलीत कोण उभं होतं, कोण बसलं होतं? अमुक पात्र गप्प का राहिलं? तुम्ही त्या शिक्षकांच्या जागी असता तर पुढचं वाक्य काय बोलला असता? दुसरं, लगेच चर्चा घेऊ नका. दोन दिवस जाऊ द्या. बोलायला न धजावणाऱ्या मुलांसाठी नाव न लिहिता चिठ्ठी टाकायचा डबा ठेवा. या सिनेमांनंतर कधीकधी एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या घरातलं काही बाहेर येतं, मारहाण, दारू, त्याहून वाईटही. ते चर्चेचा विषय करू नका. त्या मुलाशी एकट्याने बोला, आणि गरज दिसली तर चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर आपल्या सगळ्यांसाठी आहे. ज्या शाळेची याला तयारी नाही, तिने असे सिनेमे दाखवू नयेत असं मला मनापासून वाटतं. ऐकण्याबद्दलचे सिनेमे दाखवून मुलांचं ऐकायचं नाही, हा अन्याय होईल.

परवानगीचंही थोडक्यात. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शैक्षणिक संस्थेला तिच्या उपक्रमाचा भाग म्हणून सिनेमा दाखवायला सवलत आहे. प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित माणसं एवढेच हवेत. गावासाठी खुला खेळ लावायचा, तिकीट लावायचं, तर हक्कदारांची परवानगी लागेल. स्ट्रीमिंगच्या खात्यावरून दाखवत असाल तर त्या कंपनीच्या अटी वेगळ्या असतात, त्या आधी वाचा. वयाच्या खुणाही पाहा. २०२४ च्या नियमांनंतर आपल्याकडे यूए प्रमाणपत्रात सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे आले आहेत, आणि स्ट्रीमिंगवरही तशाच खुणा दिसतात. खूण काहीही असली तरी तुम्ही स्वतः पूर्ण सिनेमा आधी पाहिल्याशिवाय वर्गात लावू नका.

वर्षाचा शेवटचा खेळ पालकांसोबत करा, आणि त्यासाठी सत्यजित राय यांचा 'अपराजितो' ठेवा. तो परदेशी नाही हे खरं, पण १९५७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह हे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा हा सिनेमा जगभर या विषयावरचा मानदंड मानला जातो. शिष्यवृत्ती मिळवून अपू कलकत्त्याला शिकायला जातो, गावात आई सर्बजया एकटी. सुट्टीत तो येतो, पण त्याचं चित्त शहरात. आई विचारते, मी आजारी पडले तर येशील ना? तो झोपेत हुंकार देतो. परत जाताना एकदा तो स्टेशनवर जातो, गाडी येते, आणि तो न चढता घरी परततो. म्हणतो, गाडी चुकली. एक दिवस आणखी. सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा बंगालमध्ये फार चालला नाही. आईपासून मन काढून घेणारा मुलगा प्रेक्षकांना रुचला नाही. तुमच्या पालकांमध्येही हीच कुजबुज होईल. होऊ द्या. इथे वर्षभराची कसोटी उलटी फिरते, कारण ऐकून घेण्याची गरज आईला आहे आणि सोळा-सतरा वर्षांच्या अपूला तेवढी उसंत नाही. राय दोघांपैकी कोणालाही दोष देत नाहीत.

रविवारची सकाळ ठेवा, म्हणजे शेतावर आणि कामावर जाणारे पालकही येतील. पालकांना मुलांपासून वेगळं बसवू नका. त्या दिवशी चर्चा नको, भाषण तर अजिबात नको, मुख्याध्यापकांचंही. बोधाची अट त्यांनी त्या दिवशी पुन्हा काढली, तर त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवा आणि सिनेमा सुरू करा.